होडी द्यायची आहे

६ जानेवारी, मंगळवार
सकाळी आप्पाचा फोन. हा भाऊ स्वतःहून कधी फोन करत नाही, वाटलं काहीतरी झालं. पण आवाज ठणठणीत. "कमल, नाव देई टाकस मी."
नाव म्हणजे होडी. आमची होडी! भंगारवाला आला होता म्हणे, खिळे-पट्ट्या काढून लाकूड जळणाला नेतो म्हणाला. आप्पाने त्याला अंगणातून हाकललं. "भंगारमा नको जावाले. कोनाना तरी कामले येवाले पाहिजे."
आप्पाचा उजवा हात गेल्यापासून (पॅरालिसिस) होडी निंबाखाली पालथी पडून आहे. पोरगा सुरतेला, तो काही मासे धरायला परत येत नाही. हे सगळं ठाऊक होतं, तरी ऐकून गलबलले. आणि पाचच मिनिटांत डोकं पळायला लागलं. कोणाला द्यावी? कोणाला...
शैला सिस्टर!! भाजी फोडणीला टाकता टाकता सुचलं. भाजी करपली.

८ जाने., गुरुवार
शैला सिस्टर आज औषधं न्यायला जळगावला. नेहमीप्रमाणे कॉलनीतल्या जुन्या साड्यांचं गाठोडं न्यायला पिंप्राळ्यात आमच्या घरी आली. तिच्या संस्थेचा दवाखाना आमच्या माहेराच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर. बंधाऱ्याचं पाणी नाल्यानाल्यांत शिरलेलं, त्यामुळे काठावरच्या वस्त्यांना जायचं तर लांबून वळसा, डोक्यावर पेटी. तिनेच मागे सांगितलं होतं.
म्हटलं, सिस्टर, साड्या राहू द्या, होडी देऊ का?
आधी हसली. मग चहाचा कप तसाच खाली ठेवला. "ताई, खरी होडी? पाण्यात चालणारी?"
म्हटलं, पाण्यात चालायची. आता चालेल की नाही बघावं लागेल.
तिने माझे दोन्ही हात धरले. मला तर नाचावंसं वाटत होतं.
हे म्हणाले, "लोक दान म्हणून गाय देतात, पंखा देतात. तुझं आपलं होडी." पण रात्री स्वतःच विचारलं, वल्ही आहेत का शाबूत?

११ जाने., रवि.
संस्थेच्या सरांचा फोन. आभार वगैरे. मग म्हणाले, अंगात घालायची तरंगणारी जॅकेटं असल्याशिवाय आमची माणसं होडीत बसवणार नाही. बरोबरच आहे. पण जॅकेटं कोण देणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

१८ जाने., रवि. (माहेरी)
पहाटेची बस. एरंडोलपर्यंत झोप, पुढे धुळ्यापर्यंत नुसती स्वप्नं. तिथून काळीपिवळी. सोबत भरताची वांगी, आप्पासाठी.
होडी पाहिली. वरून ठीक, तळाला दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट. आप्पा डाव्या हाताने फळ्या ठोकून दाखवत होता. "सागनी शे. काय व्हत नई इले." खूश होता. मीही. दोघं लहान पोरांसारखे बोलत होतो. सिस्टर किती आनंदली, सर काय म्हणाले...
वहिनी चुलीपाशी. वांगी भाजत होती. एकदम म्हणाली, "मले कोनी इचारं?"
आम्ही वळून पाहिलं.
"नाव काय एकल्या यासनी शे? जाळं कोन टाके? पूरमा वल्हं कोन धरे?" आणि वांगी तशीच निखाऱ्यावर टाकून बाहेर निघून गेली.
आप्पा जमिनीकडे बघत बसला. खरंच विचारलं नव्हतं. ना त्याने, ना मी. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यापासून वहिनी त्या होडीत. मी या घरची लेक, पण मी काठावरची. मासे निवडायला. तेव्हा हिचा हेवा वाटायचा मला. आणि तिलाच विसरले.

१९ जाने.
सकाळी वहिनी नदीवर धुणं धूत होती. शेजारी जाऊन बसले. एक साडी मीही आपटायला घेतली.
मग मी सिस्टरचं सांगितलं. डोक्यावरची पेटी, वळसा, वस्तीवरची पोरं. वहिनी ऐकत होती की नाही कळेना.
"तुनी सिस्टरले वल्हं मारता येस का?"
म्हटलं, नाही.
"मंग काय करी ती नावनं? पूजा?"
हसू आलं, दाबलं. तिने साडी पिळली, खांद्यावर टाकली. म्हणाली, "मी शिकाडसू. मी सोता नाव लई जासू पल्याड. मंग देसू. यासनी देवानं नई, मी देवानं. चालस का तुले?"
चालस! चालस! ओल्या साडीसकट मिठी मारली. ओरडली माझ्यावर.
घरी येऊन आप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "तिनीच शे नाव." एवढंच. पण दुपारी बघते तर निंबाखाली होडीवरचा पाला झाडत होता.

२३ जाने., शुक्र. (पिंप्राळा)
भिशी माझी निघाली!!! चिठ्ठी उघडली आणि मी किंचाळलेच. यंदा मिक्सर घ्यायचा होता. बायकांना होडीचं सांगितलं. कुणी म्हणे तुला वेड लागलंय, कुणी म्हणे फोटो दाखव. पण शेवटी समोरच्या मंगलाताईने स्वतःहून भर घातली. जॅकेटं येणार. नारिंगी. जुना मिक्सर अजून फिरतो, आवाज करतो फक्त.

१ फेब्रु., रवि. (माहेरी)
आज दुरुस्ती. गावातला सुतार, वहिनी, मी. फटीत कापूस कोंबायचा, पिळून पिळून, वर तापवलेलं डांबर. कापूस शेजारच्या घरातून, नुकताच वेचलेला. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम. कंबर मोडली. नखांतलं डांबर जात नाही, रॉकेलनेही नाही.
आप्पा खुर्ची टाकून बसला होता, सूचना करत. वहिनी एकदा म्हणाली, "आते तुम्ही चूप बसा ना." तो चूप बसला. मग पुन्हा सुरू.
संध्याकाळी पाण्यात ढकलली. अख्खं गाव काठावर. सुरुवातीला थोडं पाणी झिरपलं. वहिनी म्हणाली, फुगेल लाकूड, फट मिटेल. मिटली. तरंगतेय. एवढ्या दिवसांनी तिला पाण्यावर बघून आप्पाने टोपी काढली, परत घातली.

८ फेब्रु., रवि.
कसं लिहू.
सकाळी सिस्टर अलीकडे आली, लसींची थंड पेटी घेऊन. म्हणाली, नुसतं देणं-घेणं कशाला, आजच काम करू. तिघींनी जॅकेटं घातली. वहिनीने नऊवारीवर नारिंगी जॅकेट! स्वतःकडे बघून इतकी हसली की खाली बसली.
आप्पा काठावर. मी म्हटलं, चल ना तूही. मान हलवली. "माले एक हातवर बसाले जमाव नई." वहिनीने वल्हं रोवलं आणि काठ मागे सरकायला लागला.
मी आयुष्यात पहिल्यांदा मधल्या पाण्यात. पेटी मांडीवर. पाणी हिरवं, थंड, एक बगळा आमच्या पुढे पुढे. वहिनी समोर वल्हं मारत होती. तिचे खांदे असे चालत होते की जणू मध्ये एक दिवसही गेला नाही. मध्यावर तिने सिस्टरच्या हातात वल्हं दिलं. "पानीसंगे भांडू नको. त्याले जाऊ दे, तू मांगे ये." होडी गोल गोल फिरली. मी किंचाळले. सिस्टरने दात आवळले. तिसऱ्यांदा सरळ गेली!
पहिली वस्ती. बायका ताटल्या, पातेली घेऊन धावत काठावर. होडी ओळखली होती त्यांनी! "मासावाली उनी! मासावाली उनी!"
सिस्टर उभी राहून ओरडली, "मासे नाहीत, सुया आणल्यात!"
पोरं जी पळाली. आयांनी धरून धरून आणली. एका म्हातारीने वहिनीचा गाल कुरवाळला, विचारलं, इतके दिवस कुठे होतीस? वहिनीने डोळे पुसले, पदराने नाही, जॅकेटने.
पुढे अजून वस्त्या झाल्या. सगळ्यांच्या लसी झाल्या. सिस्टर म्हणाली, एवढ्या कामाला आमचा आठवडा जातो.
दवाखान्यात सरांनी नारळ फोडला. विचारलं, होडी कोणाच्या नावाने स्वीकारू? वहिनीने पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, माहेरच्या नावासकट.
मी बसने परतले. वहिनी दोन दिवस तिथेच राहणार, सिस्टरला शिकवायला.

१२ फेब्रु., गुरु.
वहिनी अजून पल्याडच. दोन दिवसांचे चार झाले. सिस्टर फोनवर सांगते, सरांनी विचारलंय, होडी चालवायला कायमच्या याल का? राहायला खोली आहे. वहिनीने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
आप्पाला सांगितलं तर म्हणाला, "भाकर थापी आज. जळनी."
म्हटलं, शेजारून मागून घे.
"मांगस. पन घर कव्हय येस ती?"

१४ फेब्रु., शनि.
वहिनीशी बोलले. आवाज एवढा मोकळा कधी ऐकला नव्हता. आज कोणाला तरी ताप होता, त्याला घेऊन आली म्हणे, उलट्या वाऱ्यात. सांगत होती, सांगतच होती. मी खूश, आणि मधूनच आप्पाचं आठवून...
विचारलंच. वहिनी, घरी कधी?
म्हणाली, "यासले म्हनाव, तुम्हीच या ना आठे. खोली मोठी शे."
लगेच आप्पाला फोन. ऐकून हसला, पण हसणं अर्धवट. "नाव तर देई टाकी. आते मी कसा जाऊ तिकडे?"
खरंच की! मला हसू आवरेना. म्हटलं, बसने ये वळसा घालून. तो म्हणाला, बसनी नई येवाव मी. फोन ठेवला.
हे म्हणतात, तू मध्ये पडू नको. मी कुठे पडतेय?

१५ फेब्रु., रवि.
सकाळपासून आप्पाला फोन लावतेय, उचलत नाही. शेवटी त्याच्या शेजारणीला लावला. म्हणाली, आंघोळ करून, नवी टोपी घालून बसलाय नदीवर. बरोबर पिशवी आहे. कोणी विचारलं तर बोलत नाही, समोरच्या काठाकडे बघतो.
सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, वहिनी होडीवर गेल्यात, वस्त्यांवर.
कोणत्या बाजूला? आप्पाच्या काठाकडे का?
"ते नाही सांगितलं ताई. वल्हं उचललं आणि गेल्या."