गोधडीतले कागद

तृप्ती,

पोळ्या डब्यात आहेत, वरण गरम करून घे. मी अन् तुझे दादा रेवाला घेऊन जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं चाललो. आईंना मात्र लस द्यायला गेले असंच सांग.

रेवाच्या छोट्या गोधडीतले कागद काढू नको गं. काल कापडाचे तुकडे जोडताना, आकार धरायला आत घातलेल्या जुन्या लग्नपत्रिका कडकड वाजत होत्या. मी मुद्दाम तिच्या कानाशी नेऊन चुरगाळल्या, दोन्ही बाजूंनी. ती माझ्या तोंडाकडं बघून हसत राह्यली, आवाजाकडं वळली न्हाई. दादा म्हणले, "झोपेत असंल." झोपेत कुणी हसतं का एवढं? लई भ्या वाटून राह्यलं.

कागद आतच राहू दे. आम्ही आल्यावर तू तिच्या कानाशी वाजवून बघ. माझाच हात हळू पडला असंल.

वहिनी