गुळगुळीत कपाळ

२ फेब्रुवारी
आज आम्ही दोघं लेकीच्या घरी कायमचे राहायला आलो. सामान फारसं नव्हतं. दोन ट्रंका, हिची वेताची खुर्ची आणि माझी काळजी करण्याची सवय, असं जावई हसत म्हणाले. ही वहीही त्यांनीच दिली. म्हणाले, बाबा, काळज्या या वहीत लिहीत जा, म्हणजे आमच्या कानांना सुटी. मी सातवी नापास, पण अक्षर बरं आहे.

खोली उजेडाची आहे. खिडकी जिन्याकडे उघडते, येणारा-जाणारा दिसतो. हिला काय दिसणार! डोळ्यांत धुकं उतरलं त्याला बरीच वर्षं झाली. कानही गेल्यातच जमा. कानाशी ओरडून बोललं की शब्द कळतात, बोलणारा कोण ते कळत नाही. माणसं ती हातांनी ओळखते. लेकीला बांगड्यांवरून, जावयांना दाढीवरून, मला कपाळावरून. सकाळी उठली की माझ्या आठ्यांवरून बोटं फिरवते, मगच तिचा दिवस उजाडतो. आज फिरवली आणि म्हणाली, चला, घर बदललं तरी नांगरट तीच आहे.

५ फेब्रुवारी
जावयांच्या ओळखीने नोकरी लागली. दिव्यांचं मोठं दुकान आहे. दारात उभं राहून या, बसा म्हणायचं, एवढंच काम. लेकीवर ओझं नको म्हणून मीच हट्ट धरला होता. झुंबरं सगळी दिवसाही लावलेली असतात. डोळे दिपतात, पण मन प्रसन्न राहतं.

९ फेब्रुवारी
मालकांनी बाजूला घेतलं. म्हणाले, आजोबा, तुमचं कपाळ बघून गिऱ्हाइकाला वाटतं आत कोणी तरी वारलंय, दारातूनच परत फिरतं. काउंटरवरच्या पोरी फिसकन हसल्या. मीही हसलो, त्यात आठ्या आणखी चढल्या असणार. मालकांच्या मेहुणीचा वरच्या मजल्यावर चेहऱ्यांचा दवाखाना आहे. ती बारीक सुया टोचते, आठ्या जातात. करून घ्या म्हणाले, नाही तर दारात दुसरा माणूस बघावा लागेल.

११ फेब्रुवारी
टोचून घेतलं. हिला सांगितलं, चष्म्याचा नंबर काढायला जातो.

डॉक्टरीणबाईंनी आधी भुवया वर चढवायला लावल्या, मग कपाळ आक्रसायला. पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढले. सुई आत गेली तेव्हा ओल्या वाळूवर पाय पडावा तशी करकर आतूनच ऐकू आली. दुखलं मुंगी चावल्याइतकं. चोळू नका, लगेच आडवे होऊ नका, फरक काही दिवसांनी दिसेल आणि काही महिन्यांनी आपोआप उतरेल, असं म्हणाल्या. काही वाईट तर होणार नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाल्या, आजोबा, काय काळजी करायची ती आजच करून घ्या, पुढच्या आठवड्यात कपाळ साथ देणार नाही.

हिच्याशी खोटं का बोललो? तिने नको म्हटलं नसतं. तिने फक्त विचारलं असतं, मग मी रोज हात कशावरून फिरवू.

१६ फेब्रुवारी
आठ्या विरत चालल्या. दुकानातल्या पोरी म्हणाल्या, आजोबा, पोरगी बघायला निघालात की काय! मालकांनी पाठ थोपटली. दिवे लावलेल्या आरशासमोर मी उगाच रेंगाळलो, घरी जायला उशीर केला. लिहायला लाज वाटते, पण मला आवडलं.

सकाळी हिने विचारलं होतं, वरची आठी कुठे गेली, ताप आहे का? मी म्हटलं, झोप चांगली लागली. आणखी एक खोटं.

१९ फेब्रुवारी
सकाळी तिचं बोट कपाळावर आलं आणि घसरलं. पुन्हा आलं, चाचपडत राहिलं. मग तिने हात झटकन मागे घेतला, चादर छातीशी ओढली आणि विचारलं, कोण?

मी, एवढंच म्हणायचं होतं. पण मग सुई, चष्म्याची थाप, सगळं उघडं पडलं असतं, आणि कामाची वेळ झाली होती. तिच्या कानाशी वाकून म्हणालो, त्यांचा मित्र आहे. ते बाहेर गेलेत. येतील.

तिचा जीव लगेच भांड्यात पडला. बसा हो भाऊ, म्हणाली. आणि त्या मित्रापाशी माझी गाऱ्हाणी सांगत बसली. भाजीत मीठ जरा जास्त पडलं की ह्यांचं जग बुडतं. वरची आठी लेकीच्या जन्माची, मधली माझ्या आजारपणाची आणि खालची उगाच, हौसेची! पण माणूस असा की दर रविवारी माझी नखं स्वतः कापतात, आणि करंगळीचं थोडं राखतात, तिथे मला दुखतं म्हणून.

मी सगळं ऐकून घेतलं आणि कामावर गेलो.

२० फेब्रुवारी
आज खरं सांगितलं. ती म्हणाली, काल मित्र होतास, आज नवरा, उद्या काय, सासरा? लेकीनेही कानाशी ओरडून सांगितलं की अगं आई, बाबाच आहेत. तर म्हणे, तुला बनवलंय त्याने, माझ्या हाताला नाही बनवता येत.

दिवसभर दाराकडे तोंड करून बसली होती म्हणे. मीच सांगितलं होतं ना, येतील म्हणून.

२३ फेब्रुवारी
लेकीच्या काजळाच्या पेन्सिलीने कपाळावर रेघा ओढल्या. एवढा खालच्या थराला गेलो. तिने बोट फिरवलं, बोटाला चिकट लागलं, तिने वास घेतला. रंग फासून आलास, मेल्या? असं म्हणाली आणि लहान पोरासारखी रडली.

आरशात पाहिलं. आत काळीज फाटत होतं, आणि चेहरा असा शांत, जसं याचं कोणी नाहीच.

२५ फेब्रुवारी
रविवार. दुकान लवकर सुटलं. कशीही रागावली तरी आज नखं कापायचीच, असं ठरवून आलो. ती गुणगुणत बसली होती. मी खांद्याला हात लावला तर म्हणाली, भाऊ, आले हो ते! तुम्ही खरं बोललात.

नखं कापलेली होती. करंगळीचं थोडं राखून.

लेक म्हणते, तिने कापली नाहीत. जावई सकाळपासून बाहेर.

२७ फेब्रुवारी
खुंटीवरचा माझा जुना सदरा घामाने ओला आहे. मी तो इथे आल्यापासून घातलेला नाही. घरातल्या चपला आतून ऊबदार. स्वयंपाकघरात चहा मागितला तर लेक हसली. म्हणाली, बाबा, आत्ताच तर घेतलात, आईजवळ बसून! आणि इतका वेळ खोकत होतात ते?

मी आत्ताच कामावरून आलोय—

१ मार्च
दुपारी न सांगता घरी आलो. जिन्यावरून खिडकीत पाहिलं. ही खुर्चीत, डोळे मिटलेले. तिची बोटं एका कपाळावर. वरची, मधली, खालची. हळूहळू, एकेक. ती हसत होती.

त्याने मान वर केली. राग नव्हता. दुष्टपणा नव्हता. माझ्याकडे त्याने काळजीने पाहिलं. घरासमोर अनोळखी माणूस घुटमळताना दिसला की मी पाहायचो, तसं.

२ मार्च
डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. काढा हे. म्हणाल्या, काढता येत नाही, उतरेपर्यंत थांबायचं. म्हटलं, तोवर माझी जागा— म्हणाल्या, आजोबा, तुम्ही एवढं घाबरलात असं चेहऱ्यावरून तर अजिबात वाटत नाही.

मालक खूश आहेत. दारात असाच चेहरा हवा, म्हणतात.

३ मार्च
लेकीने साखळी न काढता दार उघडलं. कोण हवंय, विचारलं. मला. माझ्याच लेकीने. मी कपाळ आक्रसायला गेलो— काही हललं नाही. रडायला गेलो— तीच तुकतुकीत शांती. ती मागे वळून म्हणाली, बाबा, कोणी तरी आलंय.

आतून खोकला आला. माझा.

दार लागलं. जिन्यावर बसून लिहितोय. वही तेवढी पिशवीत होती.

खिडकीशी चाहूल— हीच आहे. कोणी तरी तिला हाताला धरून आणलंय. हात गजांतून बाहेर काढलाय, बोटं हवेत चाचपडतायत. विचारते आहे, कोण?

या वेळी खोटं नाही बोलणार. कपाळ तिच्या बोटांखाली नेतो आणि सांगतो, मी—