सरांना द्यायचं राहिलेलं आभाराचं वाक्य

सर,

त्या नोकरीची खबर तुम्ही आधी तुमच्या मुलालाच दिली होती, हे काल त्यानेच मला सांगितलं. पंडरीच्या कापडबाजारात, त्याच्या दुकानात मी पडद्यांचं कापड घेत होते. बोलता बोलता तुमचा विषय निघाला, तसा हातातला कापड मोजायचा गज बाजूला ठेवत तो म्हणाला, "हव दीदी, मलेच आधी सांगितलं होतं बाबांनी. मी म्हटलं, रोज इंग्रजीत लिहिणं माझ्यानं होत नाही. तर म्हणे, ठीक आहे, मग त्या पोट्टीले सांगतो." याला दुसरा साक्षीदार नाही. पण ज्याची गोष्ट, तोच सांगत असल्यावर आणखी कोणाला विचारायचं?

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. बूढापारा मोहल्ल्यातल्या तुमच्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी बसायला जागा मिळत नसे. कचेऱ्यांतले बाबू, माझ्यासारख्या नुकत्याच बी.ए. झालेल्या मुली, सगळ्यांनाच बाहेरून आलेल्या साहेबांना इंग्रजीत पत्रं लिहायला शिकायचं होतं. कोणी उपयोगाची माहिती दिली तर त्याचे आभार कसे मानायचे, यावर तुम्ही अख्खा आठवडा घालवलात. 'थँक यू फॉर लेटिंग मी नो.' 'दॅट वॉज मोस्ट हेल्पफुल.' मी मात्र 'हायली ओब्लाइज्ड फॉर युअर एस्टीम्ड इन्फर्मेशन' असं लिहून आणते, आणि तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघता. "काहून इतकी वाकून राहिली? त्याच्या सांगण्यानं तुझं काय काम झालं, ते लिही. माणसाले तेवढंच पाहिजे असते."

मग एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. इथं नवं इंग्रजी दैनिक निघतंय, हिंदीत ऐकून इंग्रजीत लिहिणारं माणूस हवंय, उद्याच जा. मी गेले आणि लागले. पेढे घेऊन आले तेव्हा काकू चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "आमचा पोट्टा तर घरीच बसून आहे." तुम्ही पेढा तोंडात टाकून पुढची वही तपासायला घेतलीत. त्या दिवसापासून मी धरून चालले की पोटच्या मुलाला सोडून तुम्ही मला निवडलंत. एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरेल असं वाक्य तुमच्या शिकवण्यात नव्हतं. लिहायला बसायची, फाडून टाकायची. पुढे तुम्ही गेलात. बातमी द्यायला मी कधी उशीर केला नाही. हे पत्र तेवढं राहिलं.

आता सोपं झालंय. तुमच्याजवळ एक माहिती होती, मुलाला ती नको होती, मला हवी होती. थँक यू फॉर लेटिंग मी नो, सर. त्या माहितीवर घर चाललं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं, आणि सकाळी कामावर निघायचा कंटाळा मला क्वचितच आला. खरं सांगायचं तर काल दुकानातून निघताना थोडं वाईटही वाटलं. तुम्ही न केलेल्या त्या त्यागाची मला सवय झाली होती. त्याच्या जोरावर मी इतकी वर्षं जरा जास्तच ताठ चालत आले.

तुमची नात काल गल्ल्यावर बसली होती. वर्तमानपत्रात काम कसं मिळतं ते विचारायला ती रविवारी माझ्याकडे येणार आहे. बाप म्हणाला, "आंटीले थँक यू म्हण." मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, "पहले बताने तो दो, पापा."