शेंडा माझ्या खुर्चीकडे

प्रिय खटपट्या,

पत्र पोस्टाने आलं म्हणून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर लिहिलं असतं तर ते आधी तुझ्या मुलीने वाचलं असतं. तुझा फोन तिच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो, हे तूच मला सांगितलंस. पाकिटाला गोंद लावून वर चिकटपट्टीही मारली आहे. ती उचकटलेली दिसली तर मला कळव, मग तिच्याशी मी बोलेन.

रविवारी ती तुझे उरलेले शर्ट न्यायला आली होती. म्हणाली, उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी टेम्पो येईल. तुझा पलंग, कामाचं टेबल आणि हत्यारांची पेटी घेऊन जाईल. बाबा आता कायमचे आमच्याकडेच राहतील आत्या, तुलाही घर मोकळं मोकळं होईल. मी तिच्याकडे दोनदा निरखून पाहिलं, टोमणा होता की काळजी हे काही कळलं नाही. जाताना तिने तुझ्या खोलीची मापं पावलांनी मोजली, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. तुझ्या रूपाने तिला घरबसल्या दुरुस्तीवाला मिळाला आहे. मिक्सर, पंखा, नळ, सगळं एका हाताखाली. तिचा यात तोटा काहीच नाही.

महिन्याभरापूर्वी जे झालं ते तुला आठवतंच आहे, पण मी क्रमाने लिहिते, कारण क्रमातच माझी चूक आहे. आपल्या चार खोल्या एका ओळीत. पुढची तुझी, शेवटची माझी, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये बोळाच्या भिंतीवर वायफायचा तो पांढरा डबा. कनेक्शनवाला बसवून गेला तेव्हा त्याला बोटभर लांबीच्या दोन काड्या होत्या आणि माझ्या खोलीत आवाज तुटायचा. मी एकदाच, जेवताना बोलले होते. ज्या अंध विद्यार्थ्यांच्या संस्थेसाठी मी ऑनलाइन पुस्तक वाचते, तिथल्या बाई म्हणतात, तुमच्या वाचनातली वाक्यं अर्धीच पोचतात. तू मान वर न करता हं म्हणालास. तुझं हं मी लहानपणापासून ऐकते आहे, त्याला अर्थ नसतो, म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात मी बँकेतून परत येते तो डब्यावर हातभर लांब, काळे, नवे अँटेना. मला न विचारता. खोकं कुठे म्हणून शोधलं, तर ते तुझ्या पलंगाखाली, वर्तमानपत्राखाली सरकवलेलं. वस्तू चांगल्या कामासाठी आणली तर खोकं लपवायचं कशाला, हा माझ्या मनातला पहिला प्रश्न. तो मी तुला विचारला नाही. पस्तीस वर्षं वर्गात घालवल्यावर मला एक सवय लागली आहे. कॉपी करणाऱ्याला लगेच हटकायचं नाही, पुरावा पुरता गोळा होऊ द्यायचा.

आणि पुरावा गोळा होत गेला. पहिले चार दिवस अँटेना सरळ उभे होते आणि माझं वाचन झकास चाललं होतं. अकरा दृष्टिहीन विद्यार्थी एकेका वाक्यावर मला थांबवून प्रश्न विचारत होते. निवृत्त झाल्यानंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. पाचव्या दिवशी तू दोन्ही अँटेना बिजागरीत वाकवलेस आणि त्यांचे शेंडे सरळ माझ्या खोलीच्या दाराकडे, दारातून माझ्या खुर्चीकडे केलेस. दुसरं कुणी असतं तर त्याला यात काही दिसलं नसतं. मी भौतिकशास्त्र शिकवलं आहे. अशा अँटेनातून लहरी त्याच्या अंगाभोवती, चहूबाजूंना पसरतात. शेंड्याच्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही. हे चित्र मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल याची गणती नाही. एखाद्या खोलीला उपाशी ठेवायचं असेल तर अँटेनाचा शेंडा नेमका तिच्यावर रोखायचा. तू तेच केलं होतंस, आणि तेही ओळंबा लावल्यासारखं अचूक.

मी काही न बोलता ते सरळ केले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो शेंडे पुन्हा माझ्याकडे. मी पुन्हा सरळ केले. तू पुन्हा वाकवलेस. आठ दिवस आपण दोघं एकाच टेबलावर जेवत होतो, मीठ इकडून तिकडे देत होतो, आणि बोळात हा खेळ चालला होता. तुझ्या चेहऱ्यावर एक रेष हलत नव्हती. मला वाटलं, केवढा पक्का झाला आहे हा या वयात. मग नवव्या दिवशी तू बारीक तार आणलीस आणि दोन्ही अँटेना वाकवलेल्या जागी घट्ट बांधून टाकलेस. गाठ पक्कडीने पिळलेली होती, माझ्या बोटांना सुटेना. तिथे माझी खात्री पटली. बेसावध माणूस तार आणत नाही.

त्या मंगळवारी संस्थेच्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. तुम्ही दमला असाल, या सत्रापुरतं तुमचं पुस्तक दुसऱ्या वाचकाला देतो. मी बरं म्हटलं आणि तशीच अंगणात आले. तुझी मुलगी आठवड्याच्या भेटीला आलेली, समोरची शिंपीण पडद्यांचं माप घ्यायला दारात उभी. त्या दोघींच्या देखत मी तुला जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही, एवढंच लिहिते की डाव हा शब्द मी तीनदा वापरला आणि वृद्धाश्रम हा एकदा. तुला हे घर एकट्याला हवं आहे, असंही म्हणाले. तू हातातला पाना खाली ठेवलास, म्हणालास, बरं ताई, आणि आत जाऊन पिशवी भरायला लागलास. निर्दोष माणूस भांडतो, असं मला त्या क्षणी वाटलं. तुझं गप्प राहणं मी कबुली म्हणून घेतलं.

तू गेल्यावर मी कात्रीने तार तोडली, अँटेना उभे केले, आणि सिग्नल लख्ख आला. माझं म्हणणं सिद्ध झालं. तीन आठवडे मी त्या सिद्धतेवर काढले. सांगायला हरकत नाही, फारसे चांगले गेले नाहीत.

गेल्या शुक्रवारी मी पडदे आणायला शिंपिणीच्या दुकानात गेले. तिने मला स्टूलही दिलं नाही. मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही, आणि चालत्या मशीनवरच म्हणाली, काका नाहीत तर माझी पायरी रिकामी रिकामी वाटते. मी विचारलं, कसली पायरी. तेव्हा मशीन थांबलं. म्हणाली, म्हणजे बाई, तुम्हाला खरंच माहीत नाही की माहीत नाही असं दाखवताय. मी म्हटलं, दाखवण्याची मला सवय नाही.

मग तिने सांगितलं. ते दोन आठवडे तू रोज दुपारी चारला फोन घेऊन तिच्या पायरीवर येऊन बसत होतास आणि तिच्या दुकानाच्या वायफायवर तुझा बुद्धिबळाचा डाव लावत होतास. तिने विचारलं, काका, घरी चालत नाही का. तू म्हणालास, आमच्याकडे आता पुढच्या खोलीत काही येत नाही. पाण्याच्या नळीसारखं असतं ते, तोंड केलं तिकडेच धार. ताईचं वाचन असतं, मी तोंड तिकडे करून ठेवलंय. झाडायला येणारी बाई धक्का मारते, रोज फिरलेलं असतं, आता तारच बांधणार आहे. खोक्याबद्दलही तिला ठाऊक होतं. ताईने त्यावरची किंमत पाहिली तर दुकानदाराकडे परत करायला लावील, म्हणून लपवलंय, असं तू हसून सांगितलं होतंस. तिने हे सगळं मला टाचण्या तोंडात धरून सांगितलं. एकेक टाचणी कापडात खोचत होती आणि माझ्याकडे पाहत होती.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. ती तुझ्या बाजूची आहे, तू तिचं मशीन फुकट दुरुस्त करतोस. घरी येऊन कागद घेतला आणि आपल्या चार खोल्या काढल्या, मध्ये डबा, डब्यावर अँटेना, शेंडा माझ्या खुर्चीकडे. लहरी काढायला लागले आणि पेन्सिल थांबली. शेंड्याच्या दिशेने जसं काही जात नाही तसंच बुडाच्या दिशेनेही जात नाही. बुडाच्या बाजूला सरळ रेषेत तुझा पलंग होता. विद्यार्थ्याने चित्राची एकच बाजू काढली तर मी अर्धे गुण कापायचे. महिनाभर मी स्वतः एकच बाजू काढून बसले होते, कारण दुसऱ्या बाजूला तू होतास. ज्याला माझी खोली बंद पाडून स्वतःची चालवायची आहे तो असं करणार नाही. तुझं ज्ञान चुकीचं होतं. तुझ्या समजुतीप्रमाणे तू घरातला सगळा सिग्नल मला देऊन स्वतः पायरीवर बसला होतास.

खटपट्या, अँटेनाची ही गोष्ट तुला ठाऊक नाही याला मीही जबाबदार आहे. तू नववीत असताना मी चुंबकाचं प्रकरण शिकवायला बसले आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून म्हणाले, तुझ्या डोक्यात हे शिरायचं नाही. त्यानंतर तू मला विज्ञानातलं कधीच काही विचारलं नाहीस. आणि मी, घरात सतत काहीतरी खोलून बसलेल्या माणसाला एका वाक्यात सांगू शकले असते की बाबा रे, शेंडा रोखायचा नसतो, बाजू दाखवायची असते. ते सांगण्याऐवजी मी पुरावा गोळा करत बसले. अँटेना रोज फिरतोय म्हटल्यावर तू झाडणारीला दोष दिलास. माझा संशय तुला एकदाही आला नाही. मला तुझ्याखेरीज कुणाचा आलाच नाही.

एक शंका मात्र अजून आहे, ती विचारतेच. तू त्या दिवशी खरं का बोलला नाहीस? मी ऐकून घेतलं नसतं असं तुला वाटलं असेल, तर बरोबरच वाटलं. पण मुलीकडे जायला तुला निमित्तच हवं होतं, असं असेल तर ते सरळ सांग. मी अडवणार नाही, टेम्पोवाल्याला चहासुद्धा देईन. फक्त माझ्या बोलण्यामुळे जात असशील तर जाऊ नकोस.

हे पत्र माफीचं नाही, हे नीट लक्षात घे. मी तुला कागदावर बोलले नव्हते, अंगणात दोघींच्या देखत बोलले होते. वर्गात चुकीचं शिकवलं तर वर्गातच दुरुस्त करायचं असतं, कोपऱ्यात एकाला गाठून नाही. म्हणून या रविवारी सकाळी दहा वाजता मी तुझ्या मुलीला आणि शिंपिणीला अंगणात बोलावलं आहे. मुलीला कारण सांगितलेलं नाही, तिला वाटतं पलंग खोलायचा आहे. शिंपीण म्हणाली, काका येणार असतील तर येते, नाहीतर मला पडदे आहेत. तेव्हा तुला यावंच लागेल, नाहीतर मी एकटीच दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी राहीन. मी जे बोलायचं ते उभं राहून बोलेन. तू मध्ये बरं ताई म्हणू नकोस, मला शेवटपर्यंत बोलू दे. त्यानंतर सोमवारी टेम्पो येऊ द्यायचा की नाही, ते तू सांग. तोवर तुझ्या खोलीची किल्ली मी कुणाला देणार नाही.

तुझीच,
ताई