शांताच्या हातची विडी

माधवनगर, गुरुवार, २१ नोव्हेंबर १९७४

आज दत्तोबाशी भांडलो, तेही विडीवरून. गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर असतो तो. जेवणाच्या सुट्टीत त्याला माझ्यातली एक विडी दिली, तर दोन झुरके मारून म्हणतो कसा, "गड्या, ह्यात तंबाखूच न्हाई!" डोकंच फिरलं माझं. शांता दिवसभर कारखान्याच्या विड्या वळते, माझ्याही तीच वळते, आणि तिच्या हाताला नावं? "तुझी जीभच मेलीय," म्हणालो.

घरी येऊन तिला सांगितलं, तर ही विड्यांच्या सुपातून मान वर करेना. मग हळूच म्हणाली, "आवं, खरं बोलला त्यो. डॉक्टरनं विडी सोडा म्हनलं, तुमी ऐकंनासा. दसऱ्यापासनं थोडी थोडी तंबाखू कमी करून पानाचा चुरा घालतीय."

महिना होत आला! आणि मी रोज ओढून वर 'वा' म्हणत होतो? रागवायला हवं होतं, पण हसूच फुटलं.

"बरं, उद्यापासून आणखी चिमूटभर कमी कर," मी ऐटीत म्हणालो.

"आता काय कमी करू? आठ दिस झालं, नुसता चुराच हाय."

दत्तोबाला उद्या काय तोंड दाखवू? आणि हे लिहिताना पेटवलेली ही विडी तरी कशाला ओढतोय मी?