आक्काचा डावरा राजा

प्रिय आक्का,

तू गेलीस त्याला श्रावणात वर्ष झालं. तुला वाचता येत नव्हतं, मग लिहून करायचं काय, म्हणून आजवर कागद हातात धरला नाही. पण कालपासून डोकं असं तापलंय की कुणाशी तरी भांडलंच पाहिजे. आणि तुझ्याइतकं चांगलं भांडणारं या गावात दुसरं आहे कोण?

झालं असं. पाटोद्याच्या बाजारात सिनेमाचा तंबू पुन्हा आलाय. परवा मी काशीला आणि तिच्या आईला गाडीत घालून घेऊन गेलो. काशी, माझी थोरली, तुझ्याच कडेवर वाढलेली. आठ वर्षांची झाली आता. आल्या आल्या पोरगी गल्लीभर सांगत सुटली, सिनेमातला राजा माझ्यासारखा डावरा आहे! ते पडलं आपल्या तात्यांच्या कानावर. चुलते असून बापाच्या वरताण रुबाब, तुला काय सांगायचं? काल सकाळी मी शेतात गेल्यावर त्यांनी जुन्या फेट्याची चिंधी फाडली आणि पोरीचा डावा हात पाठीशी बांधून टाकला. म्हणाले, "एक डावरी वाया गेली या घरातली, आता दुसरी नगं."

वाया गेली म्हणे! आक्का, तू वाया गेलीस?

नेकनूरच्या तुझ्या सासरच्यांनी तुला आणून सोडलं तो दिवस मला लख्ख आठवतो. डाव्या हातानं थापते, डाव्या हातानं वाढते, घरात अवदसा शिरली, असं बरंच काही अंगणात उभं राहून बोलून गेले. तू रडली नाहीस. पदर खोचलास आणि चुलीपुढं बसलीस. त्या दिवशी तात्यांनी त्याच हातच्या तीन भाकऱ्या हाणल्या, आणि पुढं बारा वर्षं हाणत राहिले. तेव्हा नाही कुणाला अवदसा दिसली!

तंबूत आपण पहिल्यांदा गेलो तेव्हाची गंमत आठवते? मधोमध पडदा. त्यावर पाणी मारून तो भिजवायचे, म्हणजे चित्र दोन्हीकडून दिसे. गडी पुढच्या अंगाला, बायका मागच्या. मी सरकारी शाळेत उर्दू शिकलेला, म्हणून त्या मुक्या सिनेमात पडद्यावर उर्दू अक्षरं आली की मोठ्यानं वाचून सगळ्यांना सांगायचो, आणि लोक जांभया द्यायचे. तुमच्या बाजूला ती अक्षरं उलटी दिसत, पण तुझं काय अडलं? माणसांची तोंडं बघून तूच त्यांचं बोलणं रचून सांगायचीस. राणी ढसाढसा रडायला लागली तेव्हा पलीकडून तुझा आवाज आला, "एवढं रडाया येळ कसा घावतो हिला? दळाया दुसरी हाय वाटतं." तंबू फुटायचा राहिला होता हसून.

रात्री पाटोद्यातच मावशीकडं मुक्काम आणि सकाळी गाडीत सिनेमावरून भांडण, हा आपला रिवाजच पडला. मला घोडा आवडला होता. तू म्हणालीस, घोडा काय, घोडे आपण रोज बघतो, राजा बघ. मग हळूच म्हणालीस, "त्यो आपल्यातला हाय. तलवार डाव्या हातात धरतो." आणि स्वतःच्या हाताकडं बघत बसलीस. तसं बघताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं.

आणि मी शिकलेला गाढव! ओढ्यापाशी गाडी थांबवली. उपरणं बाभळीला बांधलं, चिखलानं त्यावर डाव्या हातात तलवार धरलेला गडी काढला आणि तुला दोन्ही अंगांनी फिरवून दाखवलं. मागून बघितलंस तर तोच गडी उजवा; म्हणजे राजा चारचौघांसारखा उजवाच, तुम्हा बायकांना पडद्यामागून डावरा दिसतो. काय मिळालं मला? तू दोन फेऱ्या मारल्यास, गाडीत चढलीस आणि म्हणालीस, "मंग तुमी समदे गडी उलट्या अंगाला बसला असताल."  मी मात्र हा किस्सा चावडीवर हसत हसत सांगितला. चुकलं माझं, आक्का. तू होतीस तोवर हे म्हणायला जीभ रेटली नाही.

पण तूही काही कमी नव्हतीस. चार दिवस ताप अंगावर काढलास, का, तर तंबू उठायच्या आत अजून एक खेळ बघायचा होता. एका शब्दानं बोलली असतीस तर बीडहून हकीम आणला असता ना! आता तात्या सांगत सुटलेत की तिला सिनेमानं मारलं. तुला तापानं मारलं. सिनेमानं तर तुला बारा वर्षांत पहिल्यांदा मान वर करायला लावली. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

काल दुपारी शेतातून आलो तर काशी एका हातानं शेळीचं दावं सोडत होती. गाठ सुटेना म्हणून दातांनी ओढत होती. माझं मस्तकच फिरलं. विळा घेतला आणि तात्यांच्या डोळ्यांदेखत चिंधी कापली.

तात्या म्हणाले, "हात सोडलास, आता चूल येगळी मांड."

मी म्हणालो, "मांडतो. पहिली भाकरी काशीच थापंल."

आणि तिनं थापली. चार कोपरे निघाले भाकरीला, पण फुगली टम्म. ठेच्याबरोबर खाल्ली मी. भीती वाटतेच, खोटं कशाला सांगू? या वयात चुलत्याशी वाकडं घेतलंय.

जेवताना पोरीनं भीत भीत विचारलं, राजा खरंच डावरा होता का. उपरण्याची अक्कल पुन्हा जिभेवर आली होती, ती गिळली. म्हणालो, "तुमच्या अंगानं डावरा, आमच्या अंगानं उजवा. लढाई दोन्हीकडनं त्योच जिंकला." बरोबर बोललो ना गं?

येत्या बाजाराला पुन्हा गाडी जुंपणार आहे. ज्या बायकांना यायचं त्यांनी यावं, चावडीसमोरून दिवसाढवळ्या नेणार.

आणि तुला शब्द देतो, काशीचा हात पुन्हा कुणी बांधणार नाही, अगदी मी मेल्यावरही नाही, तसं तिला तयार करीन. पुढंमागं बघायला पाहुणे येतील तेव्हा पाण्याचा तांब्या ती डाव्याच हातानं पुढं करील. ज्याला तो घेववणार नाही, त्यानं आल्या वाटेनं तहानलेलं जावं.

तुझा धाकटा,
नामदेव