लिलावातला प्रेस

१ सप्टेंबर, रविवार

काडतुसं भरायचा प्रेस आला! बाबांनी आणला, हौगन काकांच्या शेतावरच्या लिलावातून, पिकअपच्या मागे जुन्या घोंगडीत गुंडाळून. ओतीव लोखंडाचा, माझ्याहून वयानं मोठा. दट्ट्यावर गंज, दांड्याच्या खाचेत कोळ्याचं घर.

"घे मास्तरीणबाई, पदवीचं बक्षीस. जरा उशिरा."

घरातली पहिली पदवी, आणि बक्षीस काय तर काडतुसं भरायचं भंगार! पण मागत मीच होते. बाबांचा स्वतःचा प्रेस शेडमध्ये माझ्या जन्माआधीपासून उभा आहे. त्यावर मला हात लावू देत नाहीत. "माझ्या यंत्रावर माझी काडतुसं, तुझ्यावर तुझी." आमच्या मोंटानाच्या या खोऱ्यात सगळ्यांचाच हा नियम आहे — दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्ख्या भावाचंही नाही. भरणाऱ्याचं लक्ष क्षणभर उडतं, आणि बंदूक फुटते ती चालवणाऱ्याच्या तोंडावर.

मला भरायचीत ती गरुडांसाठी. वसंतात माझ्या वर्गातल्या मुलांना ओढ्याकाठी एक सापडला होता, मान टाकलेला. रक्तात शिसं. हरीण मारल्यावर आतडी आपण रानातच टाकून येतो, त्यात शिशाच्या गोळीचे कण असतात, ते गरुड खातो. गोळी तांब्याची असली तर प्रश्नच मिटला. पण आजोबांची रायफल (आता माझी) आणि बाबांची, दोन्ही एकाच जुन्या मापाच्या. त्या मापात तांब्याची तयार काडतुसं इथल्या दुकानात मिळत नाहीत.

"गरुडांची वकील आली," म्हणतात बाबा.

हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीला. तोवर जमायला हवं.

४ सप्टेंबर

दिवसभर शाळेत उभी. घरी येऊन दट्ट्याचा गंज घासला. रॉकेल, तारेची घासणी. नखं अजून काळी आहेत. पाय सुजलेत.

८ सप्टेंबर, रविवार

प्रेस टेबलाला बसवला. दांडा दाबला की सगळं डुगडुगायचं. अर्धा तास प्रेसलाच शिव्या देत होते.

"यंत्र हलतंय की टेबल हलतंय?" बाबांनी विचारलं. एवढंच. कॉफी पीत राहिले.

टेबलाच्या पायाचा बोल्ट सैल होता.

मग पहिली पुंगळी. वापरलेल्या पितळी पुंगळीतून ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढायची, पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मापाला आणायची, नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मोजून घालायची, वर गोळी. वर्गात शिकवायला किती सोपं वाटलं असतं! पुंगळीला तेल कमी लावलं — अडकली डायमध्ये. दांडा उलटा ओढला तर पुंगळीची कड फाटून आली, बाकीची आतच.

बाबा हसले नाहीत. "सगळ्यांची एकदा अडकते. आता तू घाबरून तेल जास्त लावशील, मग पुंगळीच्या खांद्याला पोचे पडतील. तेही सगळ्यांचं एकदा होतं."

झालं. जेवणाआधीच झालं.

१२ सप्टेंबर

टोप्या तिरक्या बसतायत. टोपी ढकलणाऱ्या दांडीची स्प्रिंग उलटी. रविवारी सरळ होती! मी स्वतः पाहिली होती.

१५ सप्टेंबर, रविवार

सरावाला दारूशिवाय गोळी बसवतेय, तर प्रत्येक वेळी वेगळ्या खोलीवर बसते. एक आत, एक बाहेर. शेवटी सापडलं — डाय जागेवर धरून ठेवणारा चेकनट सैल. मी तो घट्ट केला होता. की नव्हता? माणूस थकला की स्वतःच्या हातांवरही विश्वास राहत नाही.

बाबा म्हणाले, "सापडला ना? मग चेहरा कशाला पाडतेस?"

१९ सप्टेंबर

टोपी काढायची सुई वाकलेली. या भंगारानं जीव नकोसा केलाय.

२२ सप्टेंबर, रविवार

वाईट दिवस.

बाबा त्यांच्या प्रेसवर बसले होते, मी माझ्या. मान वर केली तर त्यांच्या टेबलावर वेगवेगळ्या दारूचे दोन डबे. दोन! झाकणं उघडी. लहानपणापासून ऐकतेय — टेबलावर एका वेळी एकच डबा, दुसरा कपाटात, कपाट बंद; दोन जाती मिसळल्या तर बंदूक फुटते. आणि मापाच्या नळीत उरलेली दारू ते डब्यात परत ओतत होते.

"बाबा, ती कुठल्या डब्यातली?"

हात थांबला. एका डब्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोन्ही डबे उचलले, बाहेर गेले आणि आईच्या ऱ्हुबार्बच्या भाजीच्या वाफ्यावर ओतून आले. ओळख न पटणारी दारू मातीतच जाते, खत होतं. प्रत्येक घरी एखाद्या वर्षी थोडीशी जाते. हे दोन्ही डबे जवळजवळ भरलेले होते.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाबांना म्हणाली, "व्हर्लिन, पुढच्या वर्षी ऱ्हुबार्ब छपराला टेकणार बघ!" नेहमीचाच विनोद. पण तिच्यामागे नळ नुसता वाहत होता.

बाबांनी त्यांच्या प्रेसवर कापड टाकलं.

२५ सप्टेंबर

कापड तसंच.

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी हातमोजे आणायला शेडमध्ये गेले. बाबा माझ्या प्रेसपाशी, हातात पाना. माझ्या डायचा चेकनट सोडवत होते.

वाटलं, यंत्र कुणाचं हेही आता त्यांना कळत नाहीये.

हळूच म्हटलं, "बाबा, तो माझा आहे."

"माहीत आहे तुझा आहे ते! इतक्या लवकर कशी उठलीस? जा परत, आणि काही पाहिलं नाही असं समज."

"सोडवताय कशाला?"

"तू शोधावंस म्हणून."

स्प्रिंग त्यांनीच उलटी केली होती. वाकलेली सुई त्यांनीच लावली होती. टेबलाचा बोल्टसुद्धा! मी महिनाभर शाळेतून मेल्यासारखी येते आणि त्या यंत्राशी झटते, रडायचीच बाकी होते — खरं म्हणजे एकदा रडलेही. ओरडले त्यांच्यावर. "दाखवून दिलं असतंत तर मरत होतात का?"

"दाखवलं असतं तर तू लिहून घेतलं असतंस सिग्ने, नीट, शाईनं. हाताला काय कळलं असतं?" पाना पुसत बसले. "माझ्या बापानं माझं असंच केलं. त्याला शिव्या तुझ्यापेक्षा चांगल्या घातल्या होत्या मी. दारूच्या मापाला मात्र हात लावला नाही हं. दारू घालायच्या आधीच सापडेल, तेवढंच बिघडवतो."

मग ऑगस्टमधलं सांगितलं. आई त्यांना ग्रेट फॉल्स शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती, विसरण्याचं दाखवायला. मला दोघं ट्रॅक्टरचा भाग आणायला गेल्याचं सांगितलं होतं.

"कागदावर घड्याळ काढा म्हणाली डॉक्टरीण. गोल झकास काढला, तव्यासारखा. काटे कुठे लावायचे तेच कळेना." हसले. मी नाही हसले. "तुझ्या आईला वाटतं रायफल आत्ताच कपाटात जावी. मी म्हटलं, नदीन, एक हंगाम दे. ती म्हणाली, पोरगी सोबत असेल तर. आणि ते दोन डबे ओतल्यावर म्हणाली, व्हर्लिन, तू स्वतः भरलेलं एकही काडतूस नाही चालणार."

"मग कुणी भरलेलं?" विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं.

आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचं काडतूस बंदुकीत घातलेलं नाही. स्वतःच्या बापाचंसुद्धा नाही.

"डोळे मिटून नाही घालणार हं तुझीही," म्हणाले. "मी केलेला प्रत्येक बिघाड तुला सापडला पाहिजे. एक जरी सुटला तर रायफल कपाटात आणि मी खिडकीत."

शेडमधून आले तर आईनं अंडी तळून समोर ठेवली.

५ ऑक्टोबर, शनिवार

आता दांड्याला हात लावायच्या आधी सगळीकडे बोटं फिरवते. वरून खाली, आंधळ्यासारखी. दोन बिघाड सापडले.

"आणि तिसरा?" बाबा.

तासभर शोधला. तिसरा नव्हताच! लबाड माणूस.

९ ऑक्टोबर

पालकसभा. एका बाईंनी विचारलं, तांब्याच्या गोळ्यांचं खूळ मुलांच्या डोक्यात का घालता? उत्तर दिलं, पण आवाजात दम नव्हता. घरी आले तर पुंगळीच्या पकडीत धातूचा बारीक कीस. तो मात्र लगेच सापडला.

१३ ऑक्टोबर, रविवार

हरणाचं सॉसेज, बटाटे. जेवताना बाबांनी आईला विचारलं, हौगन आला होता का गं लिलावाला? आई म्हणाली, नव्हता आला. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. लिलाव हौगन काका गेल्यावरच झाला होता. त्यांची शवपेटी उचलणाऱ्यांत बाबा पुढे होते.

पण शेडमध्ये हात तसेच आहेत! पुंगळी नुसती बोटांत फिरवून कडेची चीर सांगतात.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पहिली पूर्ण काडतुसं भरली. दारू मी मोजली, दोनदा. बाबा हात मागे बांधून उभे. मग एक उचललं, उजेडात धरलं, बराच वेळ. परत ठेवलं. नावं ठेवली नाहीत — यांच्याकडून म्हणजे गळ्यात हारच!

"उद्या शेवटचा," म्हणाले. "सगळ्यात अवघड. माझ्या बापाचा. मला तो दोन दिवस सापडला नव्हता. तुला सापडला की यातली पाच माझ्या खिशात." डोळे चमकत होते. आईनं हाक मारली तरी हलले नाहीत, माझ्या प्रेसकडेच बघत होते.

आज खूप दिवसांनी झोप येईल असं वाटतंय.

२० ऑक्टोबर, रविवार

सगळं पाहिलं. बोल्ट, स्प्रिंग, सुई, चेकनट, पकड. डाय उतरवून पाहिली. पुन्हा एकदा, दिवा जवळ घेऊन. सगळं घट्ट, जिथल्या तिथे, जसं मी काल ठेवलं होतं.

बाबा स्टुलावर बसून बघत होते. मांडीवर कॉफीचा मग, डोळ्यांत कालची चमक नाही.

"एवढं काय शोधतेयस गं?" म्हणाले. "काही बिघडलंय का?"